कॅन्सर तपासणीचं किट घरपोच: सॉफ्टवेअरने काम कुठपर्यंत केलं?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून कोलोनोस्कोपी करतात, पण लोक ती टाळतात. सोपा पर्याय म्हणजे 'फिट' टेस्ट. घरीच शौचाचा छोटा नमुना घ्यायचा आणि लॅबला पाठवायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात कळतं. टेस्ट दरवर्षी करायची. पॉझिटिव्ह आली तर मात्र कोलोनोस्कोपी लागतेच.

अमेरिकेत ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियातल्या २६ सामुदायिक क्लिनिक्समध्ये 'स्टॉप सीआरसी' हा प्रयोग झाला. निम्म्या क्लिनिक्सना एक सोय दिली: डिजिटल रेकॉर्डमधून ५० ते ७४ वयाचे, तपासणी बाकी असलेले पेशंट शोधायचे. मग आधी पत्र, नंतर किट, शेवटी रिमाइंडर.

२०१८ मध्ये निकाल छापून आला. नेहमीच्या पद्धतीत १०.४ टक्के लोकांनी फिट टेस्ट केली, नव्या पद्धतीत १३.९ टक्के. फरक एवढाच का? यादी तयार असूनही बऱ्याच जणांना किट पाठवलंच गेलं नाही. क्वेरी काही सेकंदांत चालते हो, पण पाकीट भरून पोस्टात टाकायला माणूस आणि त्याचा वेळ लागतो. हेल्थ ॲप बनवणाऱ्यांनी हिशोब तिथपर्यंत करायला हवा.

आणि हो, शौचात रक्त दिसत असेल तर कुठल्याही किटची वाट बघू नका. थेट डॉक्टरांकडे जा.