पाण्यावरची हिरवी साय

गणपती गेले, पावसाची झड ओसरली आणि ऊन तापायला लागलं की आमच्या परसातल्या तळ्यावर हिरवी साय धरते. तळं साधंच आहे. दोन मीटर रुंद, तीन मीटर लांब, खाली जाड प्लास्टिकचा कागद, कडेला जांभा. त्यात कुमुदिनीच्या चार कुंड्या आणि दहा-बारा गोल्डफिश. ऑगस्टमध्ये कडेला चार पोपटी ठिपके दिसले होते. सप्टेंबर सरता सरता पाणीच दिसेनासं झालं. गालिचा इतका सलग होता की पाहुण्यांचं चार वर्षांचं पोर ती हिरवळ समजून पाय टाकायला निघालं आणि आईनं धावत जाऊन त्याचं बखोट धरलं. त्या दिवशी मी या वनस्पतीचा अभ्यास करायचं ठरवलं.

आपल्याकडे बहुतेक जण तिला शेवाळ म्हणून मोकळे होतात. पण हे शेवाळ नव्हे. इंग्रजीतून आलेलं डकवीड हे नावच रोपवाटिकांमध्ये आणि मत्स्यपालकांमध्ये रुळलं आहे, तेव्हा तेच वापरू. ओंजळीत थोडं पाणी घेऊन पाहा. शेवाळ असेल तर बोटाला तंतू चिकटतात किंवा पाणीच हिरवट दिसतं. डकवीड असेल तर तळहातावर सुट्टी सुट्टी, तिळाहून थोडी मोठी पानं राहतात. मी एक पान पांढऱ्या बशीत पाण्यावर सोडलं आणि भिंगातून पाहिलं. वरची बाजू गुळगुळीत, पाणी न धरणारी. खाली केसासारखं एकच मूळ लोंबत होतं. पान म्हणायचं ते आपल्या सोयीसाठी, कारण खोड निराळं आणि पान निराळं असा प्रकारच इथे नसतो. सगळं झाड म्हणजे तो एक चपटा ठिपका. त्याच्या कडेला खिशासारखी फट असते आणि त्या फटीतून दुसरं पान अर्धवट बाहेर डोकावत असतं. ते पुरतं मोठं होण्याआधीच त्याच्या खिशात तिसऱ्याची तयारी सुरू झालेली असते.

एक मूळ असलेलं ते लेम्ना. पान जरा मोठं, खालून जांभळट आणि मुळांचा झुबका असेल तर स्पायरोडेला. आणि बोटाला रवाळ, ओल्या रव्यासारखं काही लागलं, मूळ मात्र कुठेच दिसलं नाही, तर ते वुल्फिया. वुल्फियाचं एक झाड जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर भरतं. फुलं येणाऱ्या वनस्पतींमध्ये जगात याहून लहान काही नाही. दिल्ली विद्यापीठात सतीशचंद्र माहेश्वरी यांनी 1950च्या दशकात या इवल्याशा झाडाच्या भ्रूणाचा बारकाईनं अभ्यास केला होता. डकवीडच्या सगळ्या मिळून तीन डझनांच्या आसपास जाती आहेत आणि आजचं वर्गीकरण त्यांना ज्या कुळात बसवतं ते ऐकून गंमत वाटेल. अळू आणि सुरण ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे. म्हणजे पलीकडे सांडपाण्याच्या पाटाशी वाढलेलं अळू आणि तळ्यावरची ही साय एकमेकांचे भाऊबंद. दोघांची आवडही सारखीच, ओल आणि खत.

आता वाढीचा हिशेब मांडू. भरपूर खत, पंचवीस-तीस अंश तापमान, ऊन आणि संथ पाणी मिळालं की लेम्ना दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. आपण तीन दिवस धरू. एका पानानं पाच चौरस मिलिमीटर जागा व्यापली तर माझं सहा चौरस मीटरचं तळं झाकायला बारा लाख पानं लागतील. एकाची दोन, दोनाची चार असं करत बारा लाखांवर जायला साधारण वीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. वीस त्रिक साठ. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीच्या काठाला चिकटून आलेलं एक पान दोन महिन्यांत सगळं तळं गिळू शकतं. यातली फसवी गोष्ट अशी की पंचेचाळिसाव्या दिवशीही तळ्याचा जेमतेम तिसावा हिस्सा हिरवा असतो. बघणारा म्हणतो, कडेला थोडं आहे, राहू दे. सत्तावन्नाव्या दिवशी अर्धं तळं झाकलेलं असतं आणि साठाव्या दिवशी सगळं.

ही वाढ इतकी नेमानं होते की रसायनांची विषारीपणाची चाचणी घ्यायला लेम्नाच वापरतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्यासाठी सात दिवसांची प्रमाणित पद्धत ठरवून दिली आहे. पानं मोजायची आणि वाढ किती मंदावली ते पाहायचं.

हाच हिशेब उलटा केला की तळं साफ करण्यातली मेख कळते. पहिल्या वर्षी मी एका रविवारी सकाळी चाळणीनं दोन घमेली डकवीड काढलं. पाणी चकचकीत दिसू लागलं, चारदोन ठिपके कोपऱ्यात उरले. पुढच्या पंधरवड्यात गालिचा होता तसा. विसातला एक भाग जरी मागे राहिला, तरी साडेचार दुपटींत, म्हणजे तेरा-चौदा दिवसांत तळं पुन्हा भरतं. शंभरातला एक राहिला तर वीस दिवस. महिन्यातून एकदा कंबर मोडेपर्यंत केलेल्या सफाईचा उपयोग नाही. दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं, हेच चालतं. वाढीपेक्षा काढणी थोडी पुढे राहिली पाहिजे, एवढंच.

काढायची पद्धत सांगतो. वारा आपलं अर्धं काम करतो. संध्याकाळी वारा सुटला की सगळी साय एका काठाला लोटली जाते, त्या काठाशी बसावं. दोन्ही टोकं बंद केलेला पीव्हीसी पाइप पाण्यावर आडवा टाकून दोघांनी दोन बाजूंनी हळूहळू ओढत आणला तर साय गोळा होऊन घट्ट बसते. मग मच्छरदाणीचं कापड लावलेल्या जाळीनं ती उचलायची. जाळी खोल बुडवू नये. नुसती पाण्याच्या पापुद्र्याखालून सरकवावी, नाहीतर पानं बाजूनं निसटतात. उचललेली जाळी तळ्यावरच धरून क्षणभर निथळू द्यावी, कारण तिच्यातून माशांची पिल्लं, गोगलगाई, चतुराच्या अळ्या परत पाण्यात जातात. शेवटी कुमुदिनीच्या पानांखाली, जांभ्याच्या खाचांत, पंपाच्या मागे हात घालून पाहायचं. पुढच्या पिकाचं बियाणं तिथेच दडलेलं असतं.

पण नुसतं काढत राहणं म्हणजे वाहत्या नळाखालची बादली उपसणं. डकवीड येतं कुठून हा प्रश्न निम्मा. ते जगतं कशावर हा खरा. ते पाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस पितं, त्यातही अमोनियाच्या रूपातलं नायट्रोजन त्याला फार आवडतं. आता परसातल्या तळ्यात हे कुठून येतं ते मोजून पाहू. माशांच्या खाद्यात साधारण तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त प्रथिनं असतात आणि प्रथिनांचा सुमारे सोळा टक्के भाग नायट्रोजनचा. म्हणजे शंभर ग्रॅम खाद्यात साडेपाच ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन. माशाच्या अंगी यातला तिसरा हिस्सा लागला तरी पुष्कळ, बाकीचं विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात. दुसरीकडे एक किलो ओलं डकवीड सुकवलं की पन्नास-साठ ग्रॅम उरतं आणि त्यात दोन-तीन ग्रॅम नायट्रोजन सापडतं. तेव्हा शंभर ग्रॅमची खाद्याची पुडी संपवली की दीड किलोच्या आसपास डकवीडची सोय झाली. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण कौतुकानं माशांना चिमूटभर टाकत असे. ते आधी थांबवलं. आता दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य.

दुसरी वाट मी बरेच दिवस पाहिलीच नव्हती. तळ्याच्या चढाला गुलाबाचा वाफा आहे, त्याला शेणखत आणि वर डीएपी पडत असे. प्रत्येक सरीबरोबर ते विरघळून तळ्यात उतरत होतं. काठाला वीतभर उंच बांध घातला आणि पाणी पलीकडे वळवलं. भांडी-धुण्याचं पाणी, वरच्या जांभळाचा पाला, तळाशी साठलेला काळा गाळ यांची गोष्टही तीच. पाला कुजण्याआधी काढावा आणि गाळ वर्षातून एकदा, उन्हाळ्यात पाणी कमी असताना, थोडा थोडा उपसून झाडांना घालावा.

याच हिशेबात डकवीडचा गुण दडलेला आहे. जाळी भरून उचललेली प्रत्येक खेप पाण्यातलं खत बाहेर काढते. बांगलादेशात टांगाइलजवळच्या मिर्झापूर इथे कुमुदिनी रुग्णालयाच्या आवारातलं सांडपाणी 1990च्या सुमारापासून डकवीडच्या तलावांतून फिरवून स्वच्छ केलं गेलं आणि रोज काढलेलं डकवीड शेजारच्या तळ्यातल्या कार्प माशांना घातलं गेलं. अशा तलावांत वाऱ्यानं साय एका काठाला गोळा होऊ नये म्हणून बांबूचे तरंगते चौकोन टाकतात. आपण जिला घालवायला निघालो आहोत, तिला तिथे आवर्जून पेरतात.

मग ती राहिली तर बिघडतं काय? थोडी राहिली तर काहीच नाही. उलट मी सगळी साय एकदम काढली तेव्हा आठवड्याभरात पाणी मटारच्या सुपासारखं हिरवं झालं. खत तेच, ऊन मोकळं. सूक्ष्म शैवालानं जागा घेतली. चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढं डकवीड असेल तर ते अमोनिया शोषतं, पिल्लांना आडोसा देतं, दुपारी पाणी फार तापू देत नाही. पण तळं पुरतं झाकलं की खाली अंधार होतो. बुडालेल्या वनस्पतींना ऊन मिळत नाही, त्यांचा प्राणवायू बंद. डकवीड स्वतः जो प्राणवायू सोडतं तो बव्हंशी वर हवेत जातो. हवेतून पाण्यात विरघळणाराही कमी होतो. त्यात खाली मेलेली पानं कुजत असतात. सगळ्यात वाईट वेळ सूर्योदयाच्या आधीची, कारण रात्रभर नुसता खर्चच चाललेला असतो. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले तर खाद्य ताबडतोब बंद करावं, साय बाजूला सारावी आणि बादलीनं तळ्यातलंच पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात ओतत राहावं, किंवा हवेचा पंप लावावा.

तणनाशकाच्या वाटेला घरच्या तळ्यात जाऊ नये, हे माझं ठाम मत. मोरचूद टाकायचा सल्ला अनेक जण देतात. तांबं माशांना आणि गोगलगाईंना घातक असतं आणि ते गाळात साठून राहतं. शिवाय कुठल्याही औषधानं सगळं डकवीड एकदम मेलं तर ते बुडून कुजतं, उरलासुरला प्राणवायू संपवतं आणि प्यायलेलं सगळं खत पाण्याला परत देतं. पुढचं पीक त्यावर आणखी जोमानं येतं. गवत्या मासा डकवीड आवडीनं खातो हे खरं. तो 1959 मध्ये भारतात आणला गेला आणि मोठ्या शेततळ्यात त्याचा उपयोग होतो. पण तो काही किलोंपर्यंत वाढतो आणि डकवीड संपलं की कुमुदिनीकडे वळतो. सहा चौरस मीटरमध्ये त्याला ठेवणं त्याच्यावरही अन्याय आहे. त्यापेक्षा पाणी हलतं ठेवणं सोपं. लहानसा कारंज्याचा पंप दिवसाचे काही तास चालला तरी पृष्ठभाग शांत राहत नाही आणि हलत्या पाण्यावर डकवीडचा जम बसत नाही. कुमुदिनीची पानं अर्ध्या तळ्यावर पसरू दिली तर तीही ऊन अडवतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्पायरोडेला असेल तर थंडी वाढली किंवा फॉस्फेट संपत आलं की ते लहान, जाड, पिठूळ कळ्या धरतं आणि त्या तळाशी बुडतात. वर पाणी स्वच्छ, खाली बेगमी. होळीच्या सुमाराला त्या वर तरंगू लागल्या की लगेच वेचून काढायच्या, कारण तेव्हा त्या मोजण्याइतक्या असतात.

काढलेलं डकवीड वाया घालवू नये. सावलीत पसरलं की दोन दिवसांत अगदी थोडं उरतं. पाल्यात मिसळलं तर कंपोस्ट लवकर तयार होतं, आळ्यात घातलं तर ओल टिकते. कोंबड्या ते मिटक्या मारत खातात. मात्र नाल्याचं किंवा कारखान्याचं पाणी येतं अशा ठिकाणचं डकवीड जनावरांना कधीही घालू नये. ते पाण्यातले जड धातूही शोषून घेतं.

तिसऱ्या वर्षी आमच्या तळ्यावर साय धरली नाही. कडेला पोपटी ठिपके आहेत, शनिवारी जाळी फिरवली की ओंजळभर निघतात आणि तळाशी फिरणारे मासे दिसतात.

तुम्ही कमळाची किंवा कुमुदिनीची नवी कुंडी आणाल तेव्हा ती आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, रोज पाहा, हिरवा ठिपका दिसला की चिमटीनं काढा. आणि तळं रिकामं कराल तेव्हा ते पाणी ओढ्यात किंवा गटारात सोडू नका, झाडांच्या आळ्यात ओता. आपल्या नद्या जलपर्णीखाली आधीच गुदमरत आहेत, त्यांच्याकडे आपल्या परसातून आणखी एक पान जायला नको.