हिस्से वाढले, रान तेवढंच

सोनपेठचा माणूस परळीला किंवा परभणीला कॅमेरा घ्यायला गेला, की काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती मेगापिक्सेलचा?’ दुकानदारही तोच आकडा पुढे करतो, कारण खोक्यावर सगळ्यांत ठळक तोच छापलेला असतो. स्वस्तातला कॅमेरा निवडताना सगळ्यांत कमी कामाचा आकडाही तोच.

हिशेब करून बघा. लग्नाच्या अल्बममधला नेहमीचा ४×६ इंची फोटो. इंचाला ३०० ठिपके धरले तर १२०० गुणिले १८०० म्हणजे साधारण २२ लाख ठिपके, जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल. ए-४ आकाराची प्रिंट काढायची तरी पावणेनऊ पुरतात. व्हॉट्सॲपवर टाकायचा असेल तर बोलायलाच नको, तिथे फोटो आपोआप आकसतो. मग खोक्यावरचे ४८ मेगापिक्सेल कशासाठी? बऱ्याचदा ते खरेही नसतात. ऑनलाइन मिळणाऱ्या अगदी स्वस्त, अनोळखी नावाच्या कॅमेऱ्यांत सेन्सर कमी ठिपक्यांचा असतो आणि मधले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं.

विचारायचं ते सेन्सरबद्दल. खिशात मावणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांवर ‘१/२.३ इंच’ असं लिहिलेलं असतं. हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या व्यासावरून चालत आलेलं आहे, त्यामुळे पट्टी लावून ते जुळत नाही. प्रत्यक्षात तो तुकडा सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. कॅननच्या १५०० डी या प्राथमिक डीएसएलआरमधला सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ ३३२. मेगापिक्सेल मात्र पहिल्यात २० आणि दुसऱ्यात २४. कागदावर दोघे शेजारी-शेजारी, पण एकेका पिक्सेलच्या वाट्याला येणारी जागा दुसऱ्यात दहापट. एकरभर रान चार भावांत वाटलं की हिस्से चार होतात, रान तेवढंच राहतं, मेगापिक्सेलचंही असंच.

जागा कमी असल्याचा तोटा दिवसा कळत नाही, तो हळदीच्या रात्री कळतो. प्रकाश सलग धार म्हणून येत नाही, तो कणाकणांनी येतो. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडत असतील, तर त्यात दहा-एकांचा चढउतार आपोआपच असतो, म्हणजे दहा टक्के. दहा हजार कण पडले तर चढउतार शंभराचा, फक्त एक टक्का. मांडवाच्या कोपऱ्यातल्या अंधारात काढलेल्या फोटोत आजीच्या चेहऱ्यावर रवाळ ठिपके दिसतात ते यामुळेच. यंत्र बिघडलेलं नसतं, प्रकाश मोजायला जागा कमी पडलेली असते.

मांडवाचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही. शटर १/५०० सेकंदाचं ठेवलं, की सेन्सर ओळीओळीने वाचला जात असताना काही ओळी उजेडात सापडतात, काही अंधारात, आणि स्टेजवर आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, पट्टे जातात. म्हणून शटर हाताने बदलता येतं का, हे दुकानातच पाहून घ्यावं. ‘वापरायला सोपा’ या नावाखाली काही कॅमेऱ्यांत ही सोयच काढून टाकलेली असते.

आता खरा प्रश्न: फोन असताना कॅमेरा हवाच कशाला? अनेकांना नकोच. ई-पीक पाहणीसाठी तर फोनच लागतो, कारण तिथे फोटोबरोबर जागेची नोंदही जाते. बरे फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतात, त्यामुळे साध्या खिशातल्या कॅमेऱ्याला ते रात्रीही हरवतात.

फोन हरतो तो अंतरापुढे. खडक्याच्या बंधाऱ्यावर, जिथून परळीच्या वीज केंद्राला गोदावरीचं पाणी जातं, तिथे शंभर मीटरवर राखी बगळा उभा आहे असं धरू. उंची जवळपास मीटरभर. फोनच्या मुख्य लेन्सची खरी नाभीय लांबी पाच-सहा मिलिमीटर. सेन्सरवर बगळ्याचं चित्र उमटतं मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं, उंचीला पन्नासेक पिक्सेल. बोटांनी चिमटा काढून ते मोठं केलं, तरी पन्नासाचे एक्कावन्न होत नाहीत. लांब झूमच्या कॅमेऱ्यात नाभीय लांबी २०० मिलिमीटरपर्यंत जाते. चित्र दोन मिलिमीटरचं, दीड हजारांहून जास्त पिक्सेल. चोचीवरचं पाणीही दिसावं. अशा कॅमेऱ्यातला सेन्सर लहानच असतो, पण भर उन्हात त्याने बिघडत नाही.

तेव्हा माझं मत सांगतो. पक्षी किंवा शाळेच्या मैदानावरचे खेळ टिपायचे असतील तर लांब झूमचा; त्यातही ‘ऑप्टिकल’ हा शब्द वाचल्याशिवाय पैसे मोजू नका, डिजिटल झूम म्हणजे नुसती कात्री. रात्रीचे कार्यक्रम असतील तर मोठ्या सेन्सरचा जुना डीएसएलआर. बाकीच्यांनी फोनची लेन्स रोज मऊ फडक्याने पुसावी, निम्मं काम तिथेच होतं.

जुना घेताना दोन गोष्टी तपासा. शटर किती वेळा पडलंय हे विचारा. प्राथमिक डीएसएलआरचं शटर साधारण लाखभर क्लिकांच्या हिशेबाने बनवलेलं असतं. आणि लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने बघा. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, पावसाळ्यात बंद कपाटात राहिल्याची. किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स परत करा.