खोगीर

मार्गशीर्ष महिन्याची पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा या गावी मोठी यात्रा भरते. शहादा तालुक्यात तापी नदीच्या काठी वसलेले हे गाव एकमुखी दत्ताच्या मंदिरामुळे प्रसिद्ध आहेच. परंतु दूरदूरच्या लोकांना त्याची ओळख आहे ती तेथील घोड्यांच्या बाजारामुळे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा अनेक प्रांतांतून व्यापारी आपले घोडे घेऊन येथे येतात. ज्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडू पाहतात, असे मारवाडी व काठेवाडी घोडे येथे दिसतात. पांढरेशुभ्र नुकरा घोडेही दिसतात. एखादा घोडा टापा आपटीत असतो, तर एखादा तोबऱ्यात तोंड घालून शांतपणे दाणा खात असतो.

घोडा विकत घेऊ इच्छिणारा जाणता माणूस काय करतो, हे मोठे पाहण्यासारखे असते. तो घोड्याचे दात पाहून वयाचा अंदाज बांधतो, खूर उचलून पाहतो, त्याला चालवून व पळवून त्याची चाल पारखतो. मग तो खोगीर उतरवायला सांगतो आणि घोड्याच्या पाठीवरून सावकाश तळहात फिरवतो. कोठे सूज आहे काय, हात लागताच घोडा अंग चोरतो काय, तांबड्या किंवा काळ्या पाठीवर मध्येच पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत काय, हे तो बारकाईने पाहतो. असे ठिपके पुष्कळदा जुन्या दुखापतीची खूण असतात. चुकीच्या खोगिराने त्या जागी सतत दाब पडतो, त्वचा दुखावते आणि मग तेथे उगवणारे केस पांढरे येतात. घोड्याला बोलता येत नाही. पण कोणी केव्हातरी आपल्यावर वाईट खोगीर घातले होते, ही त्याची तक्रार त्याच्या पाठीवर लिहिलेली असते.

मुलांनो, खोगीर म्हणजे स्वाराची बसण्याची गादी, असे आपणांस वाटते. ते खोटे नाही. परंतु ते अर्धेच खरे आहे. खोगीर हे स्वारासाठी जेवढे असते, त्याहून अधिक ते घोड्यासाठी असते. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन जाणाऱ्या स्त्रिया तुम्ही पाहिल्या असतील. हंड्याखाली त्या कापडाची चुंबळ ठेवतात. चुंबळीमुळे हंड्याचे वजन तिळमात्रही कमी होत नाही; मात्र ते एकाच जागी न टोचता सभोवार वाटले जाते. दप्तराचा अरुंद पट्टा खांद्यात रुततो आणि रुंद पट्टा रुतत नाही, याचेही कारण हेच. खोगीर ही घोड्याच्या पाठीवरची चुंबळ होय.

घोड्याच्या पाठीच्या मध्यातून कणा जातो. कण्यावर मांसाचा थर पातळ असल्यामुळे त्यावर ओझे पडले तर घोड्यास वेदना होतात. कण्याच्या दोन्ही अंगांस मात्र मांसल स्नायू असून त्यांखाली फासळ्यांचा आधार असतो. म्हणून स्वाराचे वजन या दोन्ही अंगांवर सारखे वाटावयाचे आणि कणा पूर्णपणे मोकळा ठेवावयाचा, हा खोगीर करण्याचा पहिला नियम आहे. बाकीचे सारे नियम या एका नियमातून निघतात.

चामड्याच्या खोगिराच्या पोटात बहुधा लाकडाचा सांगाडा असतो. कण्याच्या दोन बाजूंस टेकणाऱ्या दोन फळ्या आणि त्यांना पुढे व मागे जोडणाऱ्या दोन कमानी, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. आयाळ जेथे संपते तेथे घोड्याच्या खांद्यांवर एक उंचवटा असतो; पुढची कमान या उंचवट्याला न शिवता त्याच्यावरून जाते. सांगाड्याच्या वर स्वाराचे चामडी आसन असते आणि खाली भरतीच्या दोन लांबट गाद्या असतात. या दोन गाद्यांमधून पुढून मागे एक मोकळी वाट राहते. तीच कण्याची जागा. घोड्याच्या पोटाखालून जाऊन खोगिरास जागच्या जागी धरून ठेवणारा पट्टा म्हणजे तंग. खोगीर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेली वादी म्हणजे दुमची. दोन्ही बाजूंस पाय ठेवण्यासाठी ज्या लोंबत्या कड्या असतात, त्या रिकिबी. धातूच्या रिकिबी चीन देशात इसवी सनाच्या चौथ्या शतकात वापरात होत्या. रिकिबीत पाय सहज सुटेल एवढी मोकळी जागा असली पाहिजे. नाहीतर पडलेला स्वार घोड्याबरोबर फरफटत जाण्याचे भय असते.

आता कारागिराकडे वळू. खोगिरासाठी लागणारे चामडे प्रथम कमवावे लागते. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरील केस काढतात, आतली बाजू खरवडून स्वच्छ करतात आणि मग बाभळीची किंवा तरवडाची साल, हिरडा अशा तुरट वनस्पतींच्या अर्कात ते मुरवीत ठेवतात. हा तुरट रस कातड्याच्या तंतूंत भिनला, की ते कुजत नाही. या कामास कित्येक आठवडे लागतात. घाई केली तर रस आतपर्यंत पोहोचत नाही आणि मधला थर कच्चाच राहतो. वरून पाहणाऱ्यास हे कळत नाही. चामड्याची कड कापली म्हणजे मात्र ते उघड होते.

एकाच जनावराचे चामडे सर्व ठिकाणी सारखे नसते. पाठीवरचे चामडे घट्ट असते व ते फारसे ताणले जात नाही. पोटाकडचे सैल असते आणि ओढले की लांबते. म्हणून तंगाच्या व रिकिबीच्या वाद्या पाठीच्या चामड्यातून, कण्याच्या रेषेत लांबीने कापतात. रिकिबीची एक वादी पाठीची आणि दुसरी पोटाची घेतली, तर थोड्याच दिवसांत एक रिकीब खाली उतरते, स्वार एका अंगाला कलतो आणि त्याचा सारा भार घोड्याच्या एकाच बाजूवर पडतो. चामडे निवडण्यातील एवढीशी चूक घोड्याच्या पाठीपर्यंत जाऊन पोहोचते.

कारागिराची हत्यारे थोडी, परंतु नेमकी असतात. चामडे कापावयास व त्याची कड तासून पातळ करावयास रुंद पात्याची रापी; भोके पाडावयास आरी; शिवावयास जाड सुया; टाक्यांच्या खुणा समान अंतरावर करावयास परकार; ठोकावयास लाकडी हातोडा आणि खाली एक सपाट दगड. यांखेरीज धार लावण्याचा दगड त्याच्या हाताशी सदैव असतो. बोथट रापी अधिक जोर मागते. जोर वाढला की हात निसटतो आणि चामड्याऐवजी बोट कापले जाते. म्हणून धारदार हत्यार हेच सुरक्षित हत्यार, असे जाणते कारागीर मानतात. तुम्हांस या कामाचा हात बसवावयाचा असेल, तर एखाद्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली लहानशा पट्ट्यापासून आरंभ करावा. मोजमाप दोनदा घ्यावे आणि चामडे एकदाच कापावे. रापी नेहमी आपल्या अंगापासून दूर न्यावी आणि दुसरा हात तिच्या वाटेत ठेवू नये.

खोगिराच्या शिलाईत एक युक्ती आहे. दोऱ्याला प्रथम मेण चोळतात. त्यामुळे तो गुळगुळीत होतो व पाण्याने लवकर कुजत नाही. मग एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवतात. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून एक सुई उजवीकडून आणि दुसरी डावीकडून घालून दोन्ही टोके सारख्या जोराने ओढतात. यंत्राच्या शिलाईत एक दोरा वर व दुसरा खाली असतो आणि ते एकमेकांत अडकलेले असतात. वरचा दोरा झिजून तुटला, की शेजारचे टाके सुटू लागतात. हाताच्या या दुहेरी शिलाईत मात्र एक टाका तुटला तरी दोऱ्याचा दुसरा पदर शिवण धरून ठेवतो. भरधाव घोड्यावर बसलेल्या माणसाचा जीव या टाक्यांवर अवलंबून असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कारागीर टाक्यामागून टाका इतक्या संथपणे का घालतो, ते समजते.

शेवटी राहिली भरती. आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी गोष्टींच्या गर्दीसाठी वापरतात. खोगिराच्या पोटात काय भरले आहे ते कोणास दिसत नाही. मग चिंध्या कोंबल्या काय किंवा आणखी काही कोंबले काय, अशा समजुतीतून हा अर्थ आला असावा. पण घोड्याला विचारता आले असते, तर त्याने या शब्दाचा अर्थ अगदी निराळा सांगितला असता! वरचे नक्षीकाम, पितळेची फुले, रंगीत गोंडे यांचा त्याच्या पाठीला स्पर्शही होत नाही. तिच्याशी गाठ पडते ती भरतीची. चांगली भरती लोकरीची असते. ती हाताने पिंजून, गुठळी राहू न देता, दोन्ही गाद्यांत सारखी भरावी लागते. एखादी गाठ आत राहिली, तर चपलेतील खडा आपल्याला जसा बोचतो, तशी ती घोड्याला बोचते. आपण चप्पल झटकू शकतो. घोड्याला खोगीर झटकता येत नाही.

खोगीर नीट बसले आहे की नाही, हे पाहण्याच्या काही सोप्या रीती आहेत. स्वार बसल्यावरही पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटे सहज गेली पाहिजेत. मागून पाहिले असता कण्यावरच्या मोकळ्या वाटेतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. तंग आवळल्यावरही त्याखाली दोन बोटे शिरली पाहिजेत. दौड संपल्यावर खोगीर काढून पाठ पाहावी. खोगिराखालची पाठ दोन्ही बाजूंस सारखी घामाने ओली असेल तर उत्तम. ओल्या पाठीवर मध्येच एखादा कोरडा डाग दिसला, तर तेथे दाब अधिक पडत असण्याचा संभव असतो. खोगिराखाली घालावयाचा लोकरीचा नमदा स्वच्छ व कोरडा असावा. काम झाल्यावर चामडे ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास ते तडकते. मधूनमधून थोडेसे तेल चोळल्याने ते मऊ राहते, परंतु अति तेलाने ते सैल पडते. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून त्यास वारा लागू द्यावा.

खोगिराला जीन असेही म्हणतात. हा शब्द फारसी भाषेतून आला आणि जीन करणारा तो जीनगर, असे नाव पडले. मराठ्यांच्या घोडदळाचे पराक्रम आपण इतिहासात वाचतो. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस स्वारांमागे एक नालबंद आणि चामड्याच्या पखालीतून पाणी पुरविणारा एक पखालजी नेमलेला असे. घोडदळाची दौड लोहार आणि चर्मकार यांच्या कष्टांवर चालत होती, हे यावरून दिसते. खेदाची गोष्ट ही, की कातडे कमावणाऱ्या व शिवणाऱ्या हातांची वस्तू समाजाने आनंदाने वापरली, पण त्या हातांना मात्र शतकानुशतके दूर लोटले. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आज उत्तर प्रदेशातील कानपूर हे खोगिरांचे मोठे केंद्र आहे. तेथील खोगिरे परदेशांतही जातात. नायलॉनचे पट्टे आणि कृत्रिम चामडे आता सर्वत्र मिळते. साहित्य बदलले तरी घोड्याची पाठ बदललेली नाही आणि म्हणून कारागिराचा पहिला नियमही बदललेला नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांबरोबर त्यांच्या साजाचीही दुकाने मांडलेली असतात. आरशांनी चमकणारी खोगिरे, घुंगुरमाळा, कलाबतूचे गोंडे यांनी डोळे दिपून जातात. तुम्ही कधी तेथे गेलात तर तो थाट अवश्य पाहा. पण मग एखादे खोगीर उलटे करावयास सांगा आणि त्याच्या खालच्या बाजूवर हात फिरवा. गाद्या सारख्या आहेत काय, मधली वाट मोकळी आहे काय, शिवण कोठे टोचते काय, ते पाहा. कारागिराची खरी पारख तेथे होते; कारण जी बाजू गिऱ्हाईक पाहत नाही आणि जिच्याविषयी घोडा बोलू शकत नाही, ती बाजूही त्याने मन लावून केली असेल, तरच तो खरा कारागीर.