पर्लच्या सॉकेटमध्ये डेटा हरवतो कुठे?

पर्लमध्ये सॉकेट वापरून डेटा पाठवणाऱ्या प्रोग्रामबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. 10,000 बाइट पाठवले, पण पलीकडे थोडेच मिळाले. एकाच संगणकावर चाचणी घेताना सगळे सुरळीत चालते, नेटवर्कवर मात्र डेटा गायब होतो. त्यामुळे संशय नेटवर्कवर जातो. पण टीसीपी वाटेत हरवलेले पॅकेट स्वतःच पुन्हा पाठवते. म्हणून चूक बहुतेक वेळा प्रोग्राममध्येच सापडते.

एका वाचनात सगळे येत नाही

टाकीत पाच बादल्या पाणी ओतले, तरी नळातून धारच येते. टीसीपीचेही तसेच आहे. पाठवताना केलेले तुकडे पलीकडे तसेच मिळत नाहीत. 'सिसरीड'कडे 10,000 बाइट मागितले, तरी तेव्हा 1,460 आले असतील तर तेवढेच मिळतात. उरलेले हरवलेले नसतात, वाटेत असतात. म्हणून किती बाइट मिळाले ते दर वेळी मोजावे आणि हवे तेवढे होईपर्यंत लूपमध्ये वाचावे. शून्य मिळाले तर पलीकडून पाठवणे संपले, 'अनडेफ' मिळाले तर त्रुटी आहे. 'सिसराइट'ही कधी कमी बाइट लिहिते, तेव्हा उरलेले पुन्हा पाठवावे. संदेश कुठे संपतो हे कळण्यासाठी आधी 4 बाइटमध्ये त्याची लांबी पाठवणे सोयीचे.

बफरमध्ये अडकलेला डेटा

'रीडलाइन' एक ओळ देते, पण आतून मोठा तुकडा उचलून पर्लच्या बफरमध्ये ठेवते. 'सिलेक्ट' मात्र फक्त ऑपरेटिंग सिस्टिमला विचारते आणि तिच्याकडे आता काहीच उरलेले नसते. पुढच्या ओळी हाताशी असूनही प्रोग्राम वाट पाहत बसतो. म्हणून 'सिलेक्ट'सोबत 'सिसरीड'च वापरावे.

घाईने बंद केलेले सॉकेट

आलेला डेटा न वाचताच सॉकेट बंद केले, तर लिनक्ससारख्या सिस्टिम जोडणी एकदम तोडतात. मग आपण शेवटी पाठवलेला डेटाही पलीकडच्या प्रोग्रामला मिळेलच असे नाही. इथे डेटा खरोखर हरवतो. त्यासाठी 'शटडाउन'ला 1 देऊन फक्त पाठवणे थांबवावे, शून्य मिळेपर्यंत वाचावे आणि मगच 'क्लोज' करावे.

तपास कसा करावा?

दोन्ही संगणकांवर 'टीसीपीडम्प' चालवावे. पाठवलेले सगळे बाइट घेणाऱ्याच्या संगणकावर दिसले, तर नेटवर्क निर्दोष आहे. मग प्रत्येक वाचनात किती बाइट मिळाले याची नोंद लॉगमध्ये ठेवावी. हिशेब जिथे चुकतो, दोष तिथेच असतो.