बदलीवरच्या बाई

रिटायरमेंट म्हणजे काय, असं आपल्या पिढीतल्या कुणालाही विचारून बघा. उत्तर ठरलेलं. सकाळी टेकडी, दुपारी डुलकी, संध्याकाळी सिरियल, वर्षातून एखादी टूर. आणि मधल्या सगळ्या वेळात आपण! म्हणजे आपलं कुरिअर घ्यायला घरी कुणीतरी हवं, आपल्या नावाची बँकेतली कामं, सोसायटीची मीटिंग आणि सगळ्यात मोठं प्रोजेक्ट म्हणजे आपलं बाळ. आईबाबा मोकळेच तर आहेत, हे वाक्य तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दिवसातून किती वेळा ऐकू येतं, मोजा एकदा.

माझी आई ३१ मे २०२४ ला रिटायर झाली. ५८ पूर्ण. पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत ३२ वर्षं गणित शिकवलं. निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, घड्याळ सगळं यथासांग झालं. ती गणिताची असल्यामुळे बाबांनी तिला पेन्शनचा हिशेब स्वतःलाच करायला लावला. पहिले पंधरा दिवस तिने माळा आवरला. १५ जूनला शाळा सुरू झाली, त्या दिवशी मात्र सकाळी साडेसहालाच अंघोळ करून, साडी नेसून डायनिंग टेबलाशी बसली होती. आजीने विचारलं, 'कुठे लग्न आहे का गं?'

जुलैत ताईला मुलगी झाली आणि आईला काम मिळालं, असं आम्ही सगळेच म्हणालो. ताई वाकडला राहते, हिंजवडीत नोकरी. बाळंतपणाला आमच्याकडे, सिंहगड रोडला आली होती. २५ जुलै तुम्हाला आठवत असेल. खडकवासल्यातून पाणी सोडलं, एकतानगरीत लोकांच्या घरात छातीएवढं पाणी, शाळांना सुट्टी. आमचा रस्ता उंचावर, त्यामुळे आत पाणी आलं नाही, पण दिवसभर वीज नव्हती. पंधरा दिवसांचं बाळ, ८६ वर्षांची आजी, लिफ्ट बंद. आईने त्या दिवशी जे काही मॅनेज केलं ते कुठल्याही बी-स्कूलमध्ये शिकवत नाहीत. त्यामुळे ताईच्या डोक्यात गणित पक्कं बसलं. तिची रजा २६ आठवड्यांची. (२०१७ ला कायदा बदलला म्हणून, आधी १२ च होते.) म्हणजे जानेवारीत जॉइन. आणि जानेवारीपासून बाळ आईकडे. तिने हे आईला विचारलं नव्हतं. पण खरं सांगू का, हे कुणाच्याच घरी विचारत नाहीत.

पेन्सिलीने लिहिलेलं नाव

गणपती गेले आणि फोन आला. आमच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर एक शाळा आहे. तिथल्या गणिताच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर चालल्या होत्या, १८० दिवस. दहावीचे दोन वर्ग आणि नववीचा एक. हेडमास्तरीणबाई आईच्या ओळखीच्या नव्हत्या, कुणाकडून तरी नंबर मिळाला. तासाला १२० रुपये. तास झाला तर पैसे, सुट्टी आली तर नाही. आई फोनवरच हो म्हणाली आणि मग बाबांना सांगितलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. ३२ वर्षांत आमच्या घरात असं पहिल्यांदा घडलं.

तुम्ही शाळेत होतात तेव्हा बदली तास म्हणजे काय होतं? ऑफ! बाई आल्या नाहीत की वर्गात जल्लोष, मग कुणीतरी सर येणार, 'आपापला अभ्यास करा, आवाज नको' म्हणून खुर्चीत बसून पेपर तपासणार. टोटल टाइमपास. आईसुद्धा असे हजारो ऑफ तास घेऊन चुकली होती. पण सहा महिने बदलीवर असणं हा वेगळा प्रकार असतो, हे तिला तिथे गेल्यावर कळलं. शिक्षकांच्या खोलीत तिला कपाट नव्हतं. मस्टरवर नाव नव्हतं, सहीला वेगळी वही. वेळापत्रकावर रजेवरच्या मॅडमच्या नावाखाली पेन्सिलीने तिचं नाव. जिथे ती ३२ वर्षं 'बाई' होती, म्हणजे फक्त 'बाई', नाव लावायचीही गरज नाही, तिथून इथे एकदम 'त्या नव्या मॅडम'. वयाच्या ५८ व्या वर्षी.

'वाईट वाटलं का?' मी विचारलं.

'वाटलं ना. पण कपाट नव्हतं त्याचं जास्त. डबा कुठे ठेवायचा?'

पहिले दोन आठवडे पोरं रोज एकच विचारायची, 'आमच्या मॅडम कधी येणार?' आईने यावर काढलेला उपाय मला भन्नाट वाटला. तिने पहिल्या दिवशी काही शिकवलंच नाही. सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितलं, नाव नको, फक्त जे गणित बघितलं की पोटात गोळा येतो ते लिहा. रात्री डायनिंग टेबलावर तिने त्या चिठ्ठ्यांचे ढीग लावले. भूमितीतलं वर्तुळ सगळ्यात वर. त्यानंतर त्रिकोणमिती. एका चिठ्ठीवर होतं, 'मला भागाकारच येत नाही.' दहावीत! अक्षर कुणाचं ते शोधायचं नाही असं तिने ठरवलं आणि पुढचे आठ दिवस प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं सगळ्या वर्गाला भागाकार करायला लावला. 'वॉर्म-अप' म्हणून. तो शब्द तिने ताईच्या जिमच्या गप्पांतून उचलला होता.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली आणि लगेच विधानसभेची निवडणूक. २० नोव्हेंबरला मतदान होतं आणि त्याआधी ट्रेनिंग. निम्म्याहून जास्त शिक्षक ड्युटीवर. आपण शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकतो, पण त्या टेबलामागे बसलेली माणसं बहुतेक कुणाच्या तरी वर्गातून उठून आलेली असतात. आई कायम नोकरीत नसल्याने तिला ड्युटी नव्हती. ते तीन-चार दिवस शाळा उघडी होती तेव्हा तिने गणितच नाही, भूगोल, चित्रकला, पीटी, सगळं घेतलं. एकदा दोन वर्ग एकत्र बसवून. घसा बसला. बाबा म्हणाले, 'अगं, १२० रुपयांत घशाचं औषध तरी येतं का?' आई म्हणाली, 'अहो, नाही येत. म्हणून तुम्ही हळद-दूध करा.' आणि त्यांनी केलं. (उतू घालवलं, तो भाग वेगळा.)

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून हा लेख गुडी गुडी करता आला असता. राज्य सरकारने जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत रिटायर्ड शिक्षकांना महिना २० हजारांवर घ्यायचं ठरवलं होतं, वयाची अट ७० पर्यंत. तेव्हा डीएड-बीएड झालेली पोरं चिडली होती आणि बरोबरच चिडली होती. पेन्शन घेणाऱ्याने पुन्हा पगार घ्यायचा आणि आम्ही फॉर्म भरत बसायचं? आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते, एमएससी बीएड, माझ्याच वयाची. तिने जिन्यात आईला हे तोंडावर विचारलं. आईने त्या रात्री फारसं जेवण केलं नाही. माझं मत विचाराल तर, कायम रिकाम्या असलेल्या जागेवर रिटायर माणूस बसवणं ही पळवाट आहे. पण कुणी रजेवर गेलं म्हणून वर्षाच्या मध्येच दहावीला शिकवणारं कुणी हवं, ही गरज निराळी. त्या दोन्हीत फरक करायला हवा. आईने स्वतःपुरता केला, तो कसा ते पुढे येईल.

जानेवारी, थंडी आणि 'नाही'

शाळेचा जानेवारी म्हणजे एका बाजूला गॅदरिंग आणि दुसऱ्या बाजूला प्रिलिम. खाली मैदानात लेझीम, वर वर्गात निर्देशक भूमिती. त्या वर्षी तर बोर्डाची परीक्षा नेहमीपेक्षा लवकर, २१ फेब्रुवारीलाच सुरू होणार होती. आणि आमच्या घरचा जानेवारी म्हणजे ताईचं जॉइनिंग, ८ तारखेला.

१ जानेवारीला ताई, जिजू, बाळ सगळे जेवायला आले. पुरणपोळी होती. ताई म्हणाली, 'मी आठला जॉइन होतेय. बाळाचं सामान रविवारी आणून ठेवते.' आई म्हणाली, 'मार्चपर्यंत मला जमणार नाही गं. बोर्ड आहे.'

शांतता. ताईला वाटलं चेष्टा आहे. मग वाटलं, पैशांचा प्रश्न आहे, म्हणून ती म्हणाली, 'आई, महिन्याचे किती देतात तुला? तेवढे मी देते.' डिसेंबरमध्ये आईचे ६६ तास झाले होते, म्हणजे ७,९२० रुपये. वाकडच्या पाळणाघराचे महिन्याला १४ हजार. म्हणजे ताईच्या बाजूने हिशेब चोख होता. आई काही बोलली नाही, ताटं उचलायला लागली. मग आतून म्हणाली, 'तुला तुझ्या कामावरून सहा महिने सुट्टी मिळाली ना? तशीच ती तिकडची पोरगी सुट्टीवर आहे. तिच्या जागेवर मी आहे म्हणून ती घरी निवांत आहे.'

ताई रडली. आईही. जिजू बाळाला घेऊन गॅलरीत गेले. मला दोघींचंही पटत होतं आणि अजूनही पटतं. सहा महिन्यांच्या बाळाला परक्या माणसांत ठेवून लॉग-इन करणं काय असतं, हे मला माहीत नाही. पण ज्या बाईने आम्हा दोघींना आजीकडे ठेवून ३२ वर्षं नोकरी केली, तिलाही ते माहीत नाही असं कोण म्हणेल?

पुढे गोष्टी आणखी अवघड झाल्या. त्याच महिन्यात पुण्यात जीबीएसच्या केसेस सुरू झाल्या, आणि सगळ्यात जास्त चर्चा सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गावाकडच्या पाण्याची. शाळेत पोरं घरून उकळलेलं पाणी आणायला लागली. ताईने बाळाला आमच्याकडे पाठवायचा विषयच बंद केला, आणि त्यात तिचं काहीच चुकलं नाही. मग प्रश्न असा झाला की बाळ इकडे येणार नाही, तर तिकडे कोण जाणार?

बाबा गेले. हो, बाबा! एमएसईबीतून रिटायर झालेले, ज्यांना मी जन्मात कधी वरणाला फोडणी देताना बघितलं नव्हतं. ताईला आठवड्यातले तीन दिवस ऑफिस. सोमवारी बाबा, बुधवारी पाळणाघर, शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन. बाबांचा रूट ठरला. घरून बसने स्वारगेट, तिथून पीसीएमसीपर्यंत मेट्रो, पुढे रिक्षा. स्वारगेटपर्यंतची मेट्रो सप्टेंबरमध्येच सुरू झाली होती, नाहीतर हे सगळं जमलंच नसतं. आईने त्यांना नाचणीचं सत्त्व कसं शिजवायचं ते कागदावर लिहून दिलं. गणितासारखं, पायऱ्या पाडून. पायरी चारला 'गाठी झाल्यास पुन्हा पायरी एक'. तो कागद ताईच्या फ्रिजवर बरेच दिवस होता.

ताई आणि आई मात्र तीन आठवडे फक्त बाळाच्या शी-शूबद्दल बोलत होत्या. मग फेब्रुवारीत एका रात्री साडेदहाला ताईचा फोन आला, आईला. जिजूंच्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचा मुलगा दहावीला होता, त्याला वर्तुळाची प्रमेयं जमत नव्हती. 'तू फोनवर सांगशील का?' आईने स्पीकरवर पाऊण तास समजावलं. फोन ठेवताना ताई म्हणाली, 'तुझा आवाज शाळेतला लागला होता गं.' एवढंच. पण त्या शनिवारी ती बाळाला घेऊन आली. पाण्याचा वीस लिटरचा जार सोबत घेऊन!

मार्च, मे आणि पुन्हा जून

मार्चमध्ये बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी आई सेंटरबाहेर उभी होती. बदलीवरच्या बाईंचं तिथे काहीच काम नसतं. १७ मार्चला परीक्षा संपली, त्याच आठवड्यात रजेवरच्या मॅडम परत आल्या. त्यांनी आईला पहिला प्रश्न वर्गाबद्दल नाही विचारला. विचारलं, 'तुमच्या नातीला कोण सांभाळतं?' त्यांच्याकडे सासूबाई होत्या, पण त्यांचे गुडघे दुखत होते. दोघी मधल्या सुट्टीत अर्धा तास पाळणाघरांवर बोलल्या. पोरांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आईने त्यांना दिला.

१३ मे २०२५ ला रिझल्ट लागला. आईने तिच्या दोन्ही वर्गांचे गणिताचे मार्क मागून घेतले आणि वहीत उतरवले. आकडे मला सांगितले नाहीत. 'तीन जण गेले' एवढंच म्हणाली. भागाकारवाला त्यात होता की नाही हे तिला कळणार नव्हतं, चिठ्ठीवर नाव नव्हतं ना.

उन्हाळा बाळाचा होता. एप्रिल-मे पूर्ण वाकड. पाऊस त्या वर्षी २६ मेलाच येऊन धडकला आणि आई नातीला खिडकीत घेऊन बसली. जूनमध्ये शाळा उघडल्या, या वेळी ती साडी नेसून बसली नाही. नव्या पाळणाघराची रुळायची वेळ होती, रोज दोन तास ती तिथे बाहेरच्या बाकावर बसायची.

सप्टेंबरमध्ये शाळेतून पुन्हा फोन. एका सरांचं ऑपरेशन होतं, महिनाभर. आईने सांगितलं, आधी आमच्या खालच्या मुलीला विचारा. त्यांनी विचारलं, ती गेली आणि चार दिवसांत सोडून आली. क्लासवाले तिला तासाला तिप्पट देत होते. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, 'काकू, एवढ्यात पेट्रोल पण सुटत नाही हो.' आई म्हणाली, 'बरोबर आहे तुझं.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गेली.

तो दिवस २२ सप्टेंबर, घटस्थापना. दहावीच्या पुस्तकात अर्थनियोजन नावाचा धडा आहे, त्यात जीएसटीची गणितं. आणि नेमके त्याच दिवसापासून जीएसटीचे दर बदलले होते, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले होते. मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, 'मॅडम, पुस्तक एक्सपायर झालंय.' आईने पोरांना घरून किराणाची बिलं आणायला सांगितली, जुनी आणि नवी. दुसऱ्या दिवशी ४० बिलं आली. त्यात आमच्या घरचंही एक होतं, डायपरचं.

आता आमच्या किचनमध्ये भिंतीवर जे कॅलेंडर आहे, त्यात दोन रंग असतात. निळ्या पेनाने शाळेचे दिवस, लाल पेनाने वाकडचे. निळे महिने वर्षातून दोन-तीनच येतात. ताई काही ठरवायच्या आधी कॅलेंडरचा फोटो मागवते. गेल्या महिन्यात तिने पाहिलं, एका गुरुवारी दोन्ही रंग नव्हते, नुसताच हिरवा ठिपका होता. तिने मेसेज केला, हे काय? आईने उत्तर पाठवलं, 'मैत्रिणींबरोबर नाटक. बदली शोधा.'