हा बैल वैरण खात नाही

मागच्या उन्हाळ्यात मेहकर तालुक्यातल्या एका गावी हळदीला गेलो होतो. मांडवामागच्या मोकळ्या जागेत हवा भरलेली मोठी गादी, आणि तिच्या मधोमध बैल. अंग रेक्झिनचे, शिंगे मऊ, पोटाखाली लोखंडी खांब. नवरदेवाचे मित्र एकेक करून वर बसत आणि बैल त्यांना भिरकावून देई. शेजारी खुर्चीवर भाडेवाल्याचा माणूस, हातात बटणांची पेटी. एक आजीबाई बराच वेळ पाहून मला म्हणाल्या, "याले पोयाले झूल लागत नसन, नाई का सायेब?"

हे यंत्र अमेरिकेतले. तिकडे उधळत्या बैलावर एका हाताने धरून आठ सेकंद टिकण्याचा खेळ आहे. त्याच्या सरावासाठी असली यंत्रे वापरात आली. १९८० साली 'अर्बन काउबॉय' नावाचा चित्रपट आला, त्यात टेक्सासमधल्या एका नाचगाण्याच्या क्लबातला असा बैल होता. तेव्हापासून तो तिकडे गावोगाव गेला. आपल्याकडे बैलावर बसून त्याला जिंकायची रीत नाही. आपण त्याचे खांदे मळतो. नागपूरकडे तान्हा पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात, त्यावर कोणी स्वार होत नाही. शंकरपटात माणूस बैलांच्या मागे असतो. तो पटही २०१४ साली न्यायालयाने बंद केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाला. असो. यंत्राला इजा होत नाही, हा त्याचा गुण मी मान्य करतो. इजा होते ती बसणाऱ्याला.

त्या रात्री तेच झाले. एक तरुण बैलावर असताना लाइट गेली. बैल थांबला, पण गादीत हवा भरणारा पंखाही थांबला. ही गादी सायकलच्या ट्यूबसारखी नसते. शिवणीतून हवा सारखी निघत असते, म्हणून पंखा सतत चालावा लागतो. अंधारात गादी बसली. मुलाने खाली मऊ आहे असे समजून उडी मारली, हात टेकला आणि मनगट मोडले. दीड महिना प्लास्टर. पहिल्या पावसाला तिफणीमागे त्याचा साठीचा बाप एकटा होता. दवाखान्याच्या खर्चाचे विचारले तर भाडेवाल्याने हात वर केले, कारण कागद काहीच नव्हता.

तेव्हा आणायचाच असेल तर पहिले विचारा, जनरेटर तुमचा की आमचा? पंखा आणि बैल दोन्ही पेलेल असा हवा, लाइट गेल्यावर शोधायचा नव्हे. तारेवर आकडा टाकून तर मुळीच चालवू नका. विहिरीवरच्या मोटरीला आपण अर्थिंग करतो, तसे इथेही पाहा. गादीवर पाणी सांडले की धोका वाढतो. जागा सपाट, दगड-खुंट्या काढलेली, आणि गादी चारी बाजूंनी बांधलेली असावी. उन्हाळ्यातल्या वावटळीत रिकामी गादी उडायला वेळ लागत नाही.

खरा बैल कासऱ्यावर, हा बैल पेटीवाल्यावर. तो शुद्धीवर आहे ना, हे बघा. मोबाइलवर बोलणारा किंवा पोरांच्या आरोळ्यांना भुलून वेग वाढवणारा माणूस नको. माणूस पडताच बैल थांबला पाहिजे. म्हणून तातडीने बंद करायचे बटण कुठे आहे ते आपल्या घरच्या एकाने आधी दाबून पाहावे. एका वेळी एकच जण. दोरी मुठीत धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही. चष्मा, घड्याळ, किल्ल्या, गळ्यातले काढून ठेवायचे. साडीच्या घोळात पाय अडकतो. गरोदर बाया, पाठीचे, मानेचे, हृदयाचे दुखणे असलेले आणि पिऊन आलेले, यांना पाहुणा म्हणून सूट देऊ नका. लहान मुलांसाठी सर्वांत मंद चाल ठेवायला सांगा, नाहीतर बसवूच नका.

आणि इसार देण्याआधी साध्या कागदावर लिहून घ्या: किती तास, सोबत किती माणसे, वाहतूक कोणाची, पाऊस आला तर पैसे परत की नाही, कोणाला लागले तर खर्च कोणाचा, विमा आहे काय. जो लिहून द्यायला कचरतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

त्या मुलाचा हात आता बरा आहे. परवा बैलबाजारात भेटला. जोडीचे दात पाहत होता.