बीड ते अंबाजोगाई: एका दिवसाची सफर आणि मुलांचे प्रश्न

सुट्ट्या लागल्या की आपल्या घरांत खुलताबाद नाहीतर हैदराबादचं बोलणं निघतं. आपल्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला मात्र आपण जातो ते दवाखान्याच्या कामाला किंवा कुणाच्या लग्नाला. घरातली बुजुर्ग मंडळी आजही त्या गावाला मोमिनाबाद म्हणतात. निजामाच्या काळात हेच नाव होतं आणि तिथं घोडदळाची छावणी होती. 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर त्या दिवसांबद्दल घराघरांत बोलणं कमी झालं. नाव तेवढं जिभेवर राहिलं, मागची माहिती गेली. मग मुलं विचारतात, "अब्बू, तिथं आपलं काय आहे?" तेव्हा उत्तर सुचत नाही.

बीडहून अंबाजोगाई साधारण 90 किलोमीटर. फज्र पढून निघालं तर घाई होत नाही. पण गावाबाहेर पडल्या पडल्या, सोलापूर रस्त्याला पाच-सहा किलोमीटरवर खजाना बावडी आहे, तिथं आधी थांबायचं. निजामशाहीत मुर्तजा शाहच्या काळात बीडचे जागीरदार होते सलाबत खान. त्यांनी 1582 मध्ये ही विहीर बांधून घेतली. बांधणारे कारागीर राजा भास्कर. ही दोन नावं मुलांना एकत्रच सांगावीत, कारण काम दोघांचं आहे.

बावडीला जमिनीखालून तीन भुयारं आहेत. दोन भुयारांतून झऱ्यांचं पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून ते बलगुजारच्या शेतांकडे जातं. मोट नाही, मोटर नाही. भुयाराला उतार असा दिलाय की पाणी आपोआप वाहतं. मलिक अंबरची नहर-ए-अंबरी आपण कौतुकानं सांगतो, पण ही बावडी तिच्याही आधीची. ज्या जिल्ह्यात उन्हाळा आला की टँकरची वाट बघावी लागते, तिथं चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी एवढा विचार केला होता. आम्ही तर म्हणतो, दुसरं काही पाहायला वेळ नसेल तरी हे दाखवाच. मात्र काठाशी लहान मुलांचा हात सोडू नका.

पुढं मांजरसुंबा, नेकनूर, केज. दसऱ्यानंतर या रस्त्यावर ऊसतोड मजुरांनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, गाडी जपून चालवावी. याच दिवसांत सीताफळंही येतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. येताना घ्या, जाताना घेतलीत तर उन्हात गाडीतच पिकून फुटतात.

अंबाजोगाईत हत्तीखाना पाहण्यासारखा आहे. एका खडकात कोरलेली लेणी, अंगणात दगडाचे हत्ती आणि मध्ये नंदीचा मंडप. हे शैव लेणं आहे. आपण तिथं इतिहास पाहायला जातो, अदबीनं पाहायचं आणि मुलांना दगडावर नावं कोरू द्यायची नाहीत. 'विवेकसिंधु' लिहिणारे मुकुंदराज याच गावचे मानले जातात, त्यांची समाधी गावाबाहेर आहे. ज्या मराठीत आपली मुलं पेपर लिहितात, तिच्या जुन्या ग्रंथांत याची गणना होते.

आम्हाला जास्त वेळ बोलायला लावलं ते दासोपंतांनी. त्यांची पासोडी इथं जपून ठेवलेली आहे. जवळपास 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापड, आणि त्यावर ग्रंथ लिहिलेला. (पाहायची असेल तर आधी विचारून जावं.) दासोपंतांचे वडील बिदरच्या बरीदशाहीत महसुलाचं काम पाहत. परंपरेत गोष्ट अशी सांगतात, की महसूल थकला म्हणून बादशाहानं लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवलं. या गोष्टीतला बादशाह कौतुकाचा नाही. नाव आपल्यातलं आहे म्हणून मुलांपासून ती लपवू नये, आणि त्याची बाजूही घेऊ नये. सलाबत खानांनी पाणी दिलं ते सांगायचं आणि गोष्टीतल्या बादशाहानं पोराला ओलीस धरलं तेही सांगायचं. मुलांना यातला फरक नीट कळतो.

जुहर गावातल्या मशिदीत होते. सोबतच्या बायकांसाठी वुजू आणि नमाजची सोय आहे का, हे आधी ओळखीच्यांना फोन करून विचारलेलं बरं. ऐनवेळी अम्मी आणि दादी गाडीत बसून राहतात, हे चांगलं दिसत नाही. मुसल्ला आणि पाण्याचा कॅन गाडीत असू द्या. कस्रचा मसला आपल्या इमामसाहेबांना विचारूनच निघा.

परतताना केजहून धारूरचा किल्ला खुणावतो. आदिलशाहीतल्या किश्वर खानानं 1567 मध्ये तो बांधला. पण सोबत लहान मुलं किंवा बुजुर्ग असतील तर तो त्याच दिवशी उरकू नका. चढ-उतार आहे, आणि मगरिबपर्यंत बीड गाठायचं असतं. धारूरसाठी वेगळा दिवस काढा, घरूनच डबा घेऊन.